पुसलेले चाळीस सेकंद

मित्रांनो, गेल्या आठवड्यात मला भट्टीत घातले होते. एक-दोन मिनिटे नव्हे, चांगले आठ तास. पण मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का तो नव्हे. तो त्याच्या आदल्या दिवशी बसला, एका साध्या हातरुमालामुळे. हे सगळे मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आजवर मी दुसऱ्यांचेच वाजवणे ऐकवत आले. स्वतःबद्दल बोलायची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

मी ध्वनिमुद्रणाची एक जुनी फीत आहे. करंगळीहून अरुंद, पण उलगडली तर संपत नाही अशी लांब. कारखान्यात प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीवर गंजासारखी तपकिरी पूड गोंदाने चिकटवली, आणि मी तयार झाले. आवाज राहतो तो त्या पुडीत. पट्टी बिचारी नुसती त्याला वाहून नेते.

तिथून मी एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आले. भिंतींना जाड पडदे, जमिनीवर वायरींचे जाळे, आणि काचेपलीकडे यंत्र. यंत्र चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. मी धातूच्या ज्या तुकड्याला घासत पुढे जाते, तो मास्तर प्रत्येक गाण्याआधी मऊ कापडाने पुसायचे. कापडावर तपकिरी ठिपका उमटला तर म्हणायचे, "धूळ आहे. पुसली की गेली." तेव्हा ते खरेही होते. मी नवीन होते, माझा गोंद पक्का होता.

सॅक्सोफोन वाजवणारा तेव्हा तिशीतला होता. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरले होते. ब्राझीलचा बोसा नोव्हा म्हणजे हळू आवाजातले संगीत. त्यात गिटार अशी वाजते, जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपले आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताल याच्या अगदी उलट, कानावर पडले की पाय स्वस्थ बसत नाहीत. त्याला हे दोन्ही एकाच गाण्यात हवे होते. गिटारवाला दिवसातून जेमतेम दोन वाक्ये बोलायचा, म्हणून त्याला सगळे मुका म्हणत. ड्रम वाजवणाऱ्याचे नाव पडले होते घाई.

"घाई, जरा हळू, बाळ उठेल," मुका म्हणाला. त्याचे त्या दिवसाचे पहिले वाक्य संपले.

"उठू दे की! उठलं तर नाचेल!"

"भांडा खुशाल," सॅक्सोफोनवाला म्हणाला, "पण ताल सोडू नका. मी तुमच्या मधून वाट काढतो."

आणि त्याने ती काढली. सॅक्सोफोन आधी गिटारशी कुजबुजला, मग हळूच ड्रमकडे वळला. नक्की कुठे वळला, ते मला आजही दाखवता येणार नाही. मी थक्क झाले. कुणाची स्तुती करायची म्हणजे मास्तरांच्या जिवावर यायचे, पण त्यांनी कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पुन्हा नको. हेच राहू दे." तीन दुपारींत आठ गाणी झाली. अल्बम पुरा झाला.

लोकांच्या मात्र तो गळी उतरला नाही. नाचणारे म्हणाले, फार हळू आहे. निवांत ऐकणारे म्हणाले, फार गडबड आहे. उरलेल्या तबकड्या एका तळघरात पडून राहिल्या, आणि तिथला पाण्याचा नळ फुटला. शेवटी मीच तेवढी उरले. मास्तरांनी खोली बंद केली तेव्हा मला डब्यात घालून सॅक्सोफोनवाल्याच्या घरी पोहोचवले. त्याने मला कपाटावर, सुटकेसच्या मागे सारले. मुका वारला. घाई मुलाकडे दूर राहायला गेला. सॅक्सोफोनवाल्याला दम लागू लागला आणि त्याने वाद्य पेटीत ठेवले ते ठेवलेच.

"बाबा, तुमची गाणी कशी होती?" त्याची लहानगी मुलगी विचारायची.

"होती आपली," तो म्हणायचा.

मित्रांनो, हे 'होती आपली' मी कपाटावरून कितीदा ऐकले असेल! त्या वर्षांत माझा गोंद गुपचूप हवेतला ओलावा पीत राहिला. मी चिकट होत गेले आणि माझे मलाही कळले नाही.

मग त्याचा उजवा कान गेला. डॉक्टरीण म्हणाली, "डावाही काही महिन्यांचाच सोबती आहे. जे ऐकायचंय ते ऐकून घ्या." तो घरी आला आणि त्याने कपाटाकडे बोट दाखवले.

मुलगी आता मोठी झाली आहे, चष्म्याच्या दुकानात भिंगे तपासते. तिने खटपट करून एक जुने यंत्र मिळवले आणि वडिलांच्या डाव्या बाजूला येऊन मोठ्याने बजावले, "रविवारी दोघं मिळून ऐकायचं! तोवर हात लावायचा नाही!"

"मी काय कुकुलं बाळ आहे?" तो म्हणाला.

शनिवारी सकाळी ती कामावर गेली आणि त्याने मला यंत्रावर चढवले. रविवारपर्यंत थांबायचा त्याला धीर नव्हता. मीही हरखले होते, खोटे कशाला बोलू? यंत्र सुरू झाले. जेमतेम दहा सेकंद गेले असतील, एक कर्कश किंकाळी उठली आणि मी जागीच चिकटले. धातूच्या तुकड्यावर तपकिरी थर साचला होता.

मास्तरांची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. त्याने खिशातून हातरुमाल काढला, घडी घातली आणि तो तुकडा निगुतीने पुसला. "धूळ आहे," तो पुटपुटला, "पुसली की गेली." आणि पुन्हा यंत्र सुरू केले.

ती धूळ नव्हती हो! तो मुका होता, ती त्याची गिटार होती! सैल झालेली माझी पूड खरवडून निघत होती, आणि ज्याने ते सूर जन्माला घातले तोच ते रुमालाने टिपून घेत होता. आणखी दहा सेकंद. पुन्हा रुमाल. असे चार वेळा झाले. मला ओरडता येत नव्हते. माझ्यात त्याचे सगळे श्वास होते, पण 'थांब' हा एक शब्द नव्हता.

दुपारी मुलगी जेवायला घरी आली.

"बाबा! रविवार म्हटलं होतं ना?"

"अगं, नुसती धूळ साचली आहे. बघ किती निघाली!" त्याने कौतुकाने रुमाल दाखवला.

तिने माझे मोकळे टोक उचलले आणि सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरले, जशी ती दिवसभर भिंगे धरते. माझ्यातून तिला समोरच्या इमारतीचे जिने दिसले.

"बाबा," ती म्हणाली, "आरपार दिसतंय."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग रुमालाकडे. त्याला सगळे उमगले तो क्षण मी पाहिला आहे, आणि तो मला विसरता येत नाही. "मी पुसलं," तो म्हणाला. "माझ्या हातानं पुसलं गं."

दुसऱ्या दिवशी मुलीने आम्हा दोघांना जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेले. बाईंनी मला बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, "हिला भट्टीत ठेवावं लागेल."

"भट्टीत? माझी गाणी म्हणजे काय बिस्किटं आहेत?"

"काका, अगदी मंद आच. ओलावा जाईल, गोंद धरेल. काही आठवडे नीट वाजेल. गेलं ते मात्र येणार नाही."

त्या आठ तासांचे मी काय सांगू? आता उरलेलीही जळणार, असे मी धरून चालले होते. जळले नाही. बाईंनी मला निवू दिले आणि यंत्रावर चढवले. सॅक्सोफोनवाला डावा कान स्पीकरला लावून बसला.

शांतता. खरवडले गेलेले माझे पंधरा मीटर नुसते सरकत होते.

"हा भाग कोरा आहे. पुढे नेऊ?" बाईंनी विचारले.

"थांबा," तो म्हणाला. त्याचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. बोटे गुडघ्यावर सॅक्सोफोनच्या नसलेल्या कळा दाबू लागली. आणि तो गुणगुणू लागला, घोगऱ्या, तुटक आवाजात. धरायला समोर सूर नव्हता की ताल. दहा सेकंद. वीस. तीस. चाळीस. त्याचे गुणगुणणे एका सुरावर चढले, आणि नेमक्या त्याच सुरावर, त्याच ठोक्याला, स्पीकरमधून सॅक्सोफोन आत आला.

बाईंचा हात हवेतच राहिला. मुलीने तोंडावर हात ठेवला. आणि सगळ्यात जास्त दचकला तो स्वतः.

"हा कोण वाजवतोय?"

"कोण म्हणजे? तुम्हीच, बाबा!"

"छे! एवढं चांगलं?"

मग आठही गाणी होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मध्येच एकदा डोळे पुसत हसला, "घाई बघ कसा पळतोय, गाढव!"

बाईंनी मला पुन्हा सुरुवातीला आणले. "काका, परत गुणगुणता? या वेळी मी मुद्रण करते."

"माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं," तो लाजला.

"गा हो बाबा," मुलगी म्हणाली.

आता नव्या प्रतीत ते पहिले चाळीस सेकंद एक म्हातारा गुणगुणतो, आणि मग तोच, तिशीतला, सॅक्सोफोन वाजवत आत येतो. त्याचा डावा कान अजून शाबूत आहे. तो ती प्रत रोज ऐकतो आणि रोज तितकाच चकित होतो.

मित्रांनो, मी लवकरच पुन्हा चिकट होईन, त्याचे मला आता काही वाटत नाही. पण तुमच्याही घरी कपाटावर माझ्यासारखे काही पडलेले असेल, तर ते घाईने वाजवू नका आणि पुसू तर मुळीच नका. जाणत्या माणसाकडे न्या. आणि घरात कुणी म्हातारे माणूस 'होतं आपलं' म्हणून विषय टाळत असेल, तर त्याला पुन्हा विचारा. मोठ्याने विचारा. त्याला ऐकू येते आहे तोवर विचारा.