पेटीवर गाळणं

लढाई सुरू झाल्यापासून कर्ण्याचा आवाज वाढवणाऱ्या पेटीतले मोठे काचेचे व्हॉल्व्ह बाजारात मिळेनासे झाले होते. हरिबाजवळ शेवटची जोडी उरली होती. ती गेली की सातारचा हरिबा कर्णेवाला नुसता हरिबा राहणार होता. आधीची जोडी त्याने स्वतःच घालवली होती, कोरेगावच्या जत्रेत. पेटी देखणी दिसावी म्हणून झाकण लावून ठेवलं आणि व्हॉल्व्ह आतल्या आत शिजले. तेव्हापासून तो पेटीखाली विटा लावी, झाकण काढून ठेवी आणि राखणीला शेजारी बसे. खालून गार वारा शिरावा, वरून ऊन वाफ निघून जावी, एवढीच त्याची धडपड.

भाद्रपदात सांगलीच्या एका जैन मंदिरात शास्त्रवाचन बसलं, तेव्हा रामगोंडा पाटलांनी त्याला बोलावून घेतलं. मांडव भरून माणसं रस्त्यावर बसली होती. कर्णा नसता तर त्यांच्या कानावर अक्षर पडलं नसतं.

दिवेलागणीला पावसाने उघडीप दिली आणि दिव्यावरची बारीक पाखरं उठली. व्हॉल्व्हच्या तांबूस उजेडाकडे यायची आणि तापल्या काचेला चिकटून चर्र व्हायची. रामगोंडांच्या आई, गुणमालाआक्का, जवळच बसल्या होत्या. त्या उठल्या, आतून पाणी गाळायचं जाड कापड आणलं, दुहेरी करून पेटीवर टाकलं आणि कडा विटांखाली खोचल्या.

"आक्का, नगा. पेटीला वारा पायजे."

"आन ह्यास्नी जीव न्हाई व्हय रं?"

"हाय की. पर व्हॉल्व्ह तापून जातील."

"दुसरे घाल."

"मिळत न्हाईत, आक्का. त्येच तर सांगतोय."

"मग बंद कर."

हरिबाने रामगोंडांकडे पाहिलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बंद करू नगंस, गड्या. रस्त्यावर बायका बसल्यात. आन आईला मी काय सांगू? उपास धरलाय तिनं."

हरिबाने कापडाची दोन टोकं सोडवून तंबूसारखी वर धरली. जरा वारा खेळला. पण त्याच फटीतून एक पाखरू आत शिरलं. आक्कांनी ते जळताना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. हरिबाचे हात आपोआप खाली आले.

हळूहळू कर्ण्यातून येणारा, शास्त्र वाचणाऱ्या पंडितांचा आवाज जाड झाला, वाकळेतून आल्यासारखा.

"पंडितांचा घसा बसला वाटतं," रस्त्यावरून कुणी म्हणालं. "सुंठ द्या की त्यास्नी."

लोक हसले. कापडातून दिसणारा उजेड आता लालबुंद झाला होता. हरिबाचा हात बटणावर गेला आणि तिथंच राहिला. मग कर्णा एकदा खरखरला आणि गप्प झाला. रस्त्यावरची माणसं मुकाट्याने पुढे सरकून दाटीवाटीने बसली.

वाचन संपल्यावर आक्कांनी कापड अलगद उचललं, कुंपणापाशी नेऊन झटकलं. पाखरं उडून गेली.

"बघ, नीट झाकल्यावर एक बी मेलं न्हाई."

हरिबा व्हॉल्व्हच्या काचेकडे बघत होता. तिच्या माथ्यावरचा चांदीसारखा डाग पांढराफटक पडला होता; काच तडकून आत हवा शिरली होती, शेवटची जोडी मोडली होती.

"उद्या लवकर ये रं," आक्का म्हणाल्या. "मी आधीच कापड घालून ठेवीन."

"व्हय, आक्का," हरिबा म्हणाला आणि विटा गोळा करू लागला.