ओठांवरचं बोलणं

बायकोचा आवाज कधीपासून गेलाय, असं डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा विचारत होत्या आणि सुकदेव नुसता त्यांच्या तोंडावरच्या फडक्याकडे बघत होता. चौऱ्याण्णवच्या प्लेगचं साल सरलं, तरी सुरतेच्या त्या सरकारी दवाखान्यातली फडकी काही सुटली नव्हती. बाई गुजरातीत बोलतात म्हणून उमजत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. आता अर्धी हयात सुरतेत काढलेल्या माणसाला गुजराती न कळायला काय धाड भरलीय?

अखेर बाईंनी फडकं खाली ओढलं आणि हिंदीत विचारलं. आता त्याला शब्दन् शब्द कळला, आणि रागच आला. बायकोला, शोभाबाईला, घास गिळवत नाही म्हणून तो रोजी बुडवून आला होता आणि ह्या बाई भलतंच काही काढत होत्या.

"आवाज किधर गया? सुबेच बोली ना मेरे से."

तो खोटं बोलत नव्हता. गोडादऱ्याच्या एका कारखान्यात तो माग चालवी आणि ती त्याच खात्यात बॉबिन भरी. तिथल्या खडखडाटात घसा फोडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून माणसं आवाज न काढता ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. नवा माणूस महिन्याभरात शिकतो, मग ती खोड घरापर्यंत येते. ह्या दोघांचा उभा संसार असाच ओठांवर चालला होता, भांडणंसुद्धा. मुलगी गायत्री लग्न होऊन नंदुरबारकडे गेली आणि घरात आवाजाचं काम म्हणून उरलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या कानाशी धरला. सुकदेव वाट बघत राहिला. मग त्यांनी काट्याचा दांडा त्याच्या मनगटाच्या हाडावर टेकवला, तेव्हा हाडात बारीक थरथर उठली. त्या समजावून सांगू लागल्या, की आवाज म्हणजे हीच थरथर. वस्तू हलते, तिच्यामुळे हवा हलते आणि ती लाट कानात शिरते. त्याच्या कानांचं मागांनी केव्हाच वाटोळं केलं होतं. मग त्यांनी त्याचा तळवा शोभाबाईच्या गळ्यावर ठेवला आणि तिला म्हणाल्या, "अब इनका नाम लो."

शोभाबाई गोरीमोरी झाली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं. तरी डॉक्टरांचा हुकूम म्हणून तिने ते घेतलं. त्याने ते तिच्या ओठांवर नीट वाचलं. हाताखालचा गळा मात्र हललाच नाही. बाईंनी तोच हात त्याच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्याला काहीतरी बोलायला लावलं. तिथे थरथर होती.

शोभाबाईच्या घशातली कॅन्सरची गाठ गळ्याबाहेर पसरली होती. घसा बसला तेव्हाच आणलं असतं तर कापून काढता आली असती, आता किरणांचा शेक देऊ, दुखणं थोडं कमी होईल, असं बाईंनी सांगितलं. बोलताना त्यांनी फडकं पुन्हा वर ओढलं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर तो तिच्यावर उखडला. आवाज गेला तर सांगायचं नाही? तिने त्याच्याकडे तोंड फिरवलं आणि घरच्या अहिराणीत ओठ हलवले.

"घसा बसना तधळ मी मांगथून हाका मारू. तुम्ही फिरीसन पाहेत नहीत. माले वाटनं, तुम्हना मन्हावर राग शे. मंग मी हाका मारनंच सोडी दिनं."

सुकदेवला तोंडात मारल्यासारखं झालं. बाईमाणूस समोर झिजत होतं आणि आपण रोज तिच्याशी गप्पा मारत होतो, ह्याची त्याला शिसारी आली.

"माले ऐकाले येस नही," तो म्हणाला, "हाई माले बी आजच समजनं."

ती पदर सावरून उठली.

त्यांच्याकडे रस्त्याने पुरुष पुढे आणि बाई दोन पावलं मागे, अशीच रीत. सवयीने तो पुढे झाला, फाटकाशी पोचला आणि थबकला. ती बरोबरीला येईपर्यंत तो उभा राहिला आणि मग तिच्या शेजारून चालू लागला. मान वळवून, तिच्या तोंडाकडे बघत. समोरून येणाऱ्यांचे धक्के बसत होते, एका रिक्षावाल्याने शिवी घातली असावी. त्याने नजर काढली नाही. शोभाबाई ओठ मिटून चालत होती.