डुकरामागे अडकलेलं पाणी

लेवाओकाका आमच्या गावचे सर्वांत मोठे प्रमुख. सभेत आवा या मुळांच्या पेयाची पहिली करवंटी त्यांना, जेवताना पहिलं पान त्यांना, आणि गावात इंटरनेट आलं तेव्हा तेही आधी त्यांनाच. सभेत तसा ठरावच झाला. शाळेच्या छपरावरची डिश गावाची, खाली कपाटातला, सगळ्यांना इंटरनेट वाटून देणारा खोका गावाचा आणि दोन्ही सांभाळणारी मी, काकांची पुतणी फुआतिनो. हे चालणार नाही, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण राजधानीला, आपिआला जाऊन चार गोष्टी शिकून आलेल्या पोरीचं ऐकायला प्रमुखांना फुरसत कुठे? मी मुकाट्याने खोक्यात प्रमुखांचे फोन सगळ्यांच्या पुढे लावून दिले.

शुक्रवारी व्हायचं तेच झालं. काकांच्या बायकोच्या, लुसिआकाकूच्या पायाच्या अंगठ्याला साखरेच्या आजाराने जखम झाली आहे, आणि आपिआची डॉक्टर दर आठवड्याला ती व्हिडिओवर बघते. काकू दवाखान्यात पाय वर करून बसली, मातालेना सिस्टरने पट्टी सोडली आणि पडद्यावरची डॉक्टर तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. मधूनच "अंग... अंग..." एवढं ऐकू यायचं. शेवटी तिचा लेखी निरोप आला. रविवारी दुपारी माझी ड्युटी आहे, तेव्हा पुन्हा बघू. नीट दिसलं नाही तर मी धोका पत्करणार नाही, पेशंटला पहिल्या बोटीने इकडे भरती करा, अंगठा काढावा लागेल अशी तयारी ठेवा.

काकूची थोरली बहीण अशीच बोटीने गेली होती आणि अर्धा पाय घेऊन परत आली. काकू पाय पदराखाली घ्यावा तसा चटईखाली सरकवून बसली. मला रडू फुटेल असं वाटलं.

मी तडक काकांकडे गेले. स्वारी फोनवर रग्बी बघत बसली होती.

"काका, मघापासून मॅच चालू आहे?"

"मग? माझा नंबर पहिला आहे."

मागून काकू लंगडत आलीच. "अहो, तुमच्या मॅचपायी माझा अंगठा जायचा!"

"मॅचचा काय संबंध? खोका खराब असेल. ए फुआतिनो, मोठा खोका मागव."

"मोठ्या खोक्यात जास्त जण थांबतील एवढंच, काका. बाहेर पडायची वाट तेवढीच राहणार. उलट रांग लांबेल आणि नंबर आणखी उशिरा लागेल."

"रांग, रांग काय लावलंस? माणसं नाहीत, वाट नाही, रांग कुठंय? दाखव मला!"

मी शिंपले मांडून दाखवले. काड्या मांडल्या. काकांनी त्यातल्याच एका काडीने दात कोरले आणि पुन्हा मॅचमध्ये डोकं घातलं. मला त्यांचा राग आलाच, पण सोपी गोष्ट मला सोपी करून सांगता येत नाही याचा जास्त आला.

त्यातून तो रविवार म्हणजे पांढरा रविवार. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहून वचनं म्हणतात, आणि गावातले अर्धे मुलगे-सुना तर ऑकलंड आणि सिडनीत. जो तो आपल्या पोराचा व्हिडिओ तिकडे पाठवणार, आणि सगळ्यांत आधी काका पाठवणार. डॉक्टरची वेळ नेमकी त्याच दुपारची. चर्चमध्ये माझं प्रार्थनेत लक्ष नव्हतं.

चर्च सुटलं आणि जेवणं सुरू झाली. एरवी मोठे जेवतात आणि पोरं वाढतात. या एका दिवशी पोरं चटईवर ऐटीत बसतात आणि वाढायचं मोठ्यांनी, अगदी प्रमुखांनीसुद्धा. सवय नसल्यामुळे दरवर्षी गोंधळ ठरलेला. चुलाण मागच्या अंगाला, आणि मध्ये डुकरं आत येऊ नयेत म्हणून घातलेला काळ्या दगडांचा गडगा. त्याला एकच फट, एका माणसापुरती.

त्या फटीत माझा चुलतभाऊ पेनिअमिना भाजलेलं अख्खं डुक्कर घेऊन अडकला. त्याच्या मागे उकडलेल्या तारोच्या कंदांची परात, तिच्या मागे नारळाच्या दुधातल्या पानांची परात, आणि सगळ्यांच्या मागे हातात पाण्याचा ग्लास घेऊन लेवाओकाका. त्यांच्या चार वर्षांच्या नातीला, तालिताला, उचक्या लागल्या होत्या.

"अहो, पाणी!" घरातून काकू ओरडली. पाणी येईना म्हणून तिने आणखी दोघांना पाण्याला पिटाळलं. ते गडग्यावरून उड्या मारून गेले, पण भरलेला ग्लास घेऊन उडी मारता येईना, म्हणून काकांच्याच मागे उभे राहिले. आता तीन ग्लास रांगेत आणि तालिताच्या पोटात घोटभरही नाही.

काकांचा पारा चढला. "अरे, व्हा की बाजूला! ते डुक्कर काय पळून जाणार आहे? घोटभर पाणी आधी जाऊ दे!"

पेनिअमिना मागे सरला, बाकीचे गडग्याला चिकटले आणि काका सुळकन आत गेले. नातीने पाणी प्यायलं. मी आईस्क्रीमचं पातेलं हातात धरून हे सगळं बघत होते.

"काका, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा."

"काय म्हणालो?"

"रांग दाखव म्हणाला होतात ना? ही बघा. ही फट म्हणजे आपली डिश. डुक्कर म्हणजे चर्चमधले व्हिडिओ. आणि काकूचा डॉक्टरशी कॉल म्हणजे पाणी. लागतं घोटघोट, पण लागेल तेव्हा लगेच लागतं. डुक्कर थोडं उशिरा आलं म्हणून कुणाचं बिघडत नाही."

काकांनी गडग्याकडे पाहिलं. "आणि मागचे ते दोन ग्लास?"

"व्हिडिओ जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबणारे."

काकांनी हळूच आपला फोन मागे लपवला. सकाळपासून किती वेळा दाबलं होतं देव जाणे. "पण माझा नंबर तर पहिला."

"पहिलाच आहे, काका. आणि तुमच्या हातात डुक्कर आहे."

जीभ जरा जास्तच चालली, असं मला लगेच वाटलं. प्रमुखांशी असं कुणी बोलत नाही.  चटईवर बसून दोन्ही हातांनी खाणाऱ्या पोरांकडे बघत काका म्हणाले, "आज आम्ही मागून जेवणार. मेलो का आम्ही?"

"नाही, काका."

"मग बघत काय राहिलीस? शाळेत पळ. दवाखाना पुढे लाव, व्हिडिओ मागे."

"आणि सभेचा ठराव?"

"सभेला मी बघतो. पळ!"

मी पातेलं त्यांच्याच हातात कोंबून पळाले. खोक्यात बदल करून दवाखान्यात पोचले तेव्हा मातालेनाने पट्टी सोडलेली होती, आणि काका काकूच्या उशाशी उभे होते. पडद्यावर डॉक्टर आली. तिच्या कानातले डूलसुद्धा दिसत होते.

"काकू, अंगठा हलवा बरं."

काकूने ओठ आवळले. अंगठा हलला, आणि तो थांबायच्या आत तिकडे डॉक्टर हसली. "रंग छान आहे. जखम भरतेय. बोटबीट काही नको, घरीच राहा. पुढच्या शुक्रवारी दाखवा."

काकू रडायलाच लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात त्यांचा फोन होता, त्यावर पांढऱ्या फ्रॉकमधली तालिता, आणि तिच्या तोंडावर न गेलेल्या व्हिडिओचं ते गोल गोल फिरणारं चक्र.

"काका, तुमचा व्हिडिओ अजून अडकलाय," मी म्हटलं.

"फिरू दे," काका म्हणाले.