अर्काच्या टोपाचं बूड

नव्या नवरीचे हात काम दिसलं की शिवशिवतात. त्यात हौशी म्हणजे टोकावड्याच्या देवकीबाईची सून, सासरी येऊन पुरता महिनाही नाही. सासूनं आपलं म्हणावं, एवढीच बिचारीची आस. देवकीचा ओव्याचा अर्क पार मुरबाडपर्यंत नावाजलेला, पण अर्काच्या चुलीपाशी ती कुणाला फिरकू द्यायची नाही.

त्या सकाळी देवकी रानात लाकडांना गेली, आणि हौशीच्या नजरेला अर्काचा तांब्याचा टोप पडला. बूड काळपट, तेलकट. शी गो बाय! चिंच घेतली, राख घेतली आणि घास घास घासलं. बूड असं लखलखलं की तिला त्यात आपली नथ दिसली.

दुपारी मुरबाडहून निरोप आला. हौशीची नणंद जनी, तिच्या पोराचं पोट फुगलंय, संध्याकाळच्या एसटीनं अर्क धाडा. देवकीनं हंड्यात ओवा उकळत ठेवला, आत मधोमध तिवईवर वाटी, तोंडावर गार पाण्यानं भरलेला टोप. वाफ टोपाच्या बुडाला निवायची आणि थेंब थेंब वाटीत पडायची. पण बऱ्याच वेळानं टोप उचलला, तर वाटीत घोटभरही नाही! बुडाला पाणी पसरून चिकटलं होतं आणि कडेनं ओघळून परत हंड्यात चाललं होतं.

देवकीनं बुडावर बोट फिरवलं. "कोणी घासला ह्यो?"

हौशी पुढं झाली. "मी, आत्या. बरा दिसंल म्हणून."

आता माहेरचा उद्धार होणार, म्हणून तिनं मान खाली घातली. तर देवकी हसतेय, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतेय!

"अगो येडे, तो मळ नाय. मोहाच्या बियांचं तेल हाय, वरसानुवरसं चोळून मुरवलेलं. त्याच्यावर पाणी पसरत नाय, थेंब होऊन टपकतं. धुतलीस ना माझी सारी मेहनत! बरं, रडू नको. तेल आण."

टोप निखाऱ्यावर तापवून देवकीनं हौशीच्याच पुढ्यात ठेवला. "चोळ. गरम हाय तवरच. आता पूस, परत तापव." हौशीच्या बोटांना चटके बसत होते, पण तिनं हात थांबवला नाही. टोप पुन्हा हंड्यावर चढला. दोघी कान देऊन बसल्या. टप. टप. मग टपटपटप. हौशीला इतका आनंद झाला की तिनं सासूचा हातच धरला.

एसटी थांब्यावर आली तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. कंडक्टरनं ती हातात घेतली. "देवकीबाईचा अर्क ना?"

"नाय रे," देवकी म्हणाली. "आमच्या हौशीचा."