पालखीपुढचा बार

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या गावात दसऱ्याला देवीची पालखी वेशीत येऊन थांबायची. आकाराम सासन्यानं दुनळी बंदूक आभाळाकडं धरून बार काढायचा, मगच पालखी शिलंगणाला शीव ओलांडायची. मान सासन्यांच्या घराचा. मान म्हणजे पोटाला भाकरी नव्हे, पण गावात माणूस भाकरीवाचून दिवस काढतो, मानावाचून नाही.

बंदूक आकारामच्या आज्याची. संस्थान होतं तोवर शिकारखान्यातून काळ्या दारूची काडतुसं मिळायची. संस्थान विलीन झालं, शिकारखाना उठला, आणि आकारामनं कोल्हापुरातल्या एका दुकानातून बिनधुराच्या दारूची नवी काडतुसं आणली. दुकानदार म्हणाला, "बसत्यात न्हवं? मग चालत्यात." असल्या दुकानदारालाच पहिला बार काढायला उभा करायला हवा.

गेल्या दसऱ्याला बार झाला तेव्हा बंदुकीच्या मागच्या फटीतून जाळ आला आणि आकारामचं कानशील भाजलं. घरी त्यानं सांगितलं, चुलीतला निखारा उडाला. बायको तानाबाईनं लोणी लावलं. चुलीकडं कधी न फिरकणाऱ्या नवऱ्याला निखारा कुठला लागतो, हे तिनं विचारलं नाही.

यंदा अष्टमीला त्यानं घटाशेजारी पूजेला मांडलेली बंदूक उचलली, धोतराच्या पानात गुंडाळली आणि कोल्हापूर गाठलं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या दिलदार शिकलगारानं ती उघडली आणि नळी तिरपी केली. आतून हळदीचं पाणी गळलं.

"हे काय, आकारामदादा?"

"पूजा. नारळ फोडून पाणी घालतो आमी. नऊ दिस तोंड वर करून उभी असती."

"दर साली?"

"आज्यापास्नं."

दिलदारनं नळी उजेडाकडं धरून त्याला बघायला लावलं. आत देवीच्या रोगानं तोंडावर पडतात तसे खड्डे पडले होते. "ही नळी सलग पोलादाची न्हाय. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून सांधलीया. काळी दारू हळू ढकलायची, ते हिनं सोसलं. नवी दारू एकदम मुसंडी मारती. त्यात नवं काडतूस लांब. उडालं की त्याचं तोंड उलगडतंय, फुडं जागा न्हाय, आन् जोर कोंडतोय."

"मग काळी दारू भरून दे. निम्मीच भर."

"आता तीबी नको. सांधा सडलाय. भिताडाला टांगा."

"दिलदारभाई, एक बार. एवढा दसरा जाऊ दे."

"मी हो म्हणावं म्हणून आलायसा व्हय? कानशिलावरचा डाग बघून कळलं मला. तुमास्नी आधीच ठावं हाय."

आकाराम बंदूक गुंडाळून निघाला.

दसऱ्याला पालखी वेशीत आली. ताशा थांबला. आकाराम बंदूक घेऊन पुढं झाला आणि तसाच उभा राहिला.

"काढ की बार!" कुणीतरी ओरडलं.

"न्हाय निघायचा. नळी सडलीया. फुटंल."

लोक हसले. भाऊबंदांतला गणपतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "देवीफुडं भ्यालास व्हय रं?"

"व्हय, भ्यालोय."

भर गावात असं कबूल करायला काय लागतं, ते हसणाऱ्यांना कुठलं कळायला!

"बांगड्या भर मग. दे हिकडं, मी काढतो." गणपतरावाच्या खांद्याला त्याची स्वतःची नवी बंदूक होती, कमरेला काडतुसं होती. पण त्याला हवी होती मानाची. त्यानं दस्ता धरला. आकारामच्या मनात आलं, देऊन टाकावी. फुटली तर ह्याचा पंजा जाईल आणि जन्मभर कुणी बांगड्यांचं नाव काढणार नाही. हात सैल झालासुद्धा.

मग त्यानं हिसका दिला आणि नळी वेशीच्या दगडावर आपटली. एकदा, दोनदा. पुजारी किंचाळला, "पुजलेली बंदूक रं, मेल्या!" तिसऱ्यांदा नळी वाकली, सांधा उकलला आणि गंजाचा भुगा दगडावर पडला.

गणपतरावानं वाकून त्या चिरेत बोट घातलं. बोट आत गेलं. तो आकारामकडं बघत राहिला. मग उठून त्यानं आपल्या बंदुकीनं बार काढला. पालखी निघाली. मान त्याच्या घरात गेला, तो गेलाच.

संध्याकाळी आकाराम आपट्याची पानं घेऊन गावात फिरला. त्याचं सोनं कुणी घेतलं नाही. तानाबाई उंबऱ्यात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवरा धड माघारी आला, माझा दसरा झाला. ज्याला सोनं नको त्यानं माती खावी!"

अंधार पडता पडता गणपतराव दारात आला. हातात पानं होती. दोघांनी सोनं दिलं घेतलं. मान परत देतो असं तो म्हणाला नाही, देवमाणूस नव्हता तो. आकारामनंही मागितला नाही.

"वैनी," गणपतराव जमिनीकडं बघत म्हणाला, "च्या मिळंल काय?"

"बांगड्या भरलेल्या हातचा चालंल न्हवं भावजी?" तानाबाई म्हणाली, आणि आधण ठेवायला आत गेली.