ओरडल्याशिवाय गाडी हलणार नाही

“आजवर माणूस भुताला घाबरत आला. आजपासून भूत माणसाला ओळखून घाबरवील!” बागेचे मालक ढुंढिराज यांनी भूतबंगल्यासमोर माईकवरून जाहीर केलं. हे युगप्रवर्तक वाक्य ऐकायला अकरा माणसं होती. त्यांतला एक टेम्पोवाला पिंपळगावचा रस्ता विचारायला थांबला होता.

कोंडाजी बाजूला शांतपणे उभा होता. हायवेलगतच्या या बागेतल्या भूतबंगल्याचं भूत म्हणजे तोच. गेली बावीस वर्षं. काळी घोंगडी, ओला हातमोजा, अंधारात मानेवर एक स्पर्श, बस. पण मालकांची लेक यशश्री पुण्याहून इंजिनियर होऊन आली आणि तिनं बंगल्यात पडदे, सेन्सर आणि सीटसीटला माईक बसवले. आजची चाचणी पार पडली, की उद्यापासून कोंडाजी पार्किंगमध्ये शिट्टी फुंकणार होता.

“प्रवासी ओरडला की गाडी पुढच्या खोलीत जाते,” यशश्रीनं समजावलं. “नाही ओरडला तर भूत आणखी भयंकर होतं. आणि काका, खोटी किंकाळी चालत नाही. मशीन ओळखतं.”

“बरंय ताई,” कोंडाजी म्हणाला. “मी आपला रांगेतल्या लोकांशी चार शब्द बोलून येतो. सवय हाय.”

पहिल्या गाडीत निफाडचे वाल्मीक आणि त्यांच्या पत्नी पुतळाबाई बसले. गाडी आत गेली आणि पहिल्याच खोलीत थांबली. बाहेरच्या पडद्यावर सगळे बघत होते. सांगाडा उठला, हाडं वाजली.

“थर्माकोल हाय का हे?” वाल्मीकनं विचारलं.

मशीननं भूत वाढवलं. मोकळ्या केसांची हडळ थेट अंगावर आली.

“केस बांध गं बाई,” पुतळाबाई म्हणाल्या. “जेवणात पडतात.”

मशीननं शेवटची पायरी गाठली. भिंतींतून रक्त वाहिलं, आकाशवाणी झाली. वाल्मीकनं खिशातून शेंगदाणे काढले. पुतळाबाईंनी उपकार म्हणून एक किंकाळी मारून पाहिली; मशीननं ती नामंजूर केली.

“गाडी ढकला!” ढुंढिराज माईक झाकून म्हणाले.

“अप्पा, ब्रेक किंकाळीवरच सुटतो.”

“मग बंद करा सगळं!”

“परत सुरू व्हायला दीड तास लागेल.”

रांग कुजबुजायला लागली. आतून वाल्मीकचा आवाज आला, “ओ, पुढचं भूत जेवायला गेलंय काय?”

कोंडाजीनं घोंगडी उचलली, मागच्या दारानं आत शिरला. हातमोजा त्यानं घेतलाच नाही. वाल्मीकच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, “सहा एकर थॉमसन द्राक्षं ना तुमची? गुरुवारची तोडणी? निफाडकडं गारा पडायला लागल्यात म्हणे.”

किंकाळी अशी निघाली, की बाहेरचा टेम्पोवाला रस्ता न विचारताच निघून गेला. ब्रेक सुटला. एका किंकाळीवर गाडी उरलेल्या सगळ्या खोल्या पार करून बाहेर आली, तेव्हा वाल्मीक फोनवर होते. “ऊन हाय? नक्की ऊन हाय? बाहेर जाऊन बघ!” मग त्यांनी कोंडाजीकडे पाहिलं. “काय माणूस हाय राव! काळीज बंद पाडलं असतं.”

“यांना परत बसवा हो,” पुतळाबाई हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या. “एवढा आवाज लग्नातबी ऐकला नव्हता.”

यशश्री पडद्यावरचा आकडा बघत राहिली. वाल्मीकच्या किंकाळीनं मोजपट्टीचं टोक गाठलं होतं. “काका, यंत्राला हे कसं शिकवायचं?”

“त्याला रांगेत उभं करा ताई. लोकांशी बोलू द्या.”

ढुंढिराजांनी पुन्हा माईक हातात घेतला. पार्किंगचा बेत त्यांनी तिथल्या तिथे मोडीत काढला. “कोंडाजी आजपासून या बंगल्याचे मुख्य भय-सल्लागार! ते रांगेत विचारतील, आत सांगतील, बाकीचं यंत्र करील. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागेल!”

टाळ्या वाजल्या. कोंडाजीनं घोंगडीची नीट घडी घातली आणि माईकपासून जरा लांब येऊन म्हणाला,

“मालक, पाटी नको. आत एक स्टूल द्या. बावीस वर्षं उभाच हाय.”