पाठक साहेबांचा गोल

दारव्हा तालुक्यात फुटबॉलचा सामना कुठंही असो, माईकवर हिरासिंग राठोडच लागायचा. गडी तांड्यावरचा, दहावी नापास, पण एकदा माईक हातात आला की मराठी, हिंदी आणि बंजाऱ्यांची गोरबोली तिन्ही एका दमात चालवायचा. चेंडू मैदानाच्या मधोमध नुसता लोळत असला तरी याच्या कॉमेंट्रीनं लोकांचा जीव टांगणीला लागे. तारीफ करावी तर हिरासिंगनं आणि सालटी काढावीत तर तीही त्यानंच. त्या वर्षी मात्र त्यानं ठरवलं होतं, एका माणसाची सालटी काढायची ती तारीफ करूनच.

कापसाच्या पडत्या काळातलं ते वर्ष. भाव असा बसला होता की गाड्यांनी जिनिंगचा रस्ताच सोडला आणि दारव्ह्याच्या मैदानाला लागून असलेलं जिनिंगचं आवार ओसाड पडलं. नेमकी तेव्हाच वणीच्या कोळशाच्या ट्रकवाल्यांना इथं स्पर्धा भरवून नाव कमवायची हौस आली. साधी स्पर्धा नाही, थेट परदेशी क्लब. काठमांडूचा एक, ढाक्याचा एक, लागोसचा एक आणि चौथा आपला दारव्ह्याचा. आपापला सीझन सुरू होण्याआधी त्या पाहुण्यांनाही पाय मोकळे करायचे होतेच. सामने प्रदर्शनी, कप नुसता मानाचा. पण घरातला न विकलेला कापूस बघून बघून विटलेली माणसं मिळेल त्या जीपला लटकून आली.

स्पर्धेचे अध्यक्ष होते चारुदत्त पाठक वकील. आणि प्रमुख पाहुणे कोण, तर त्यांचेच धाकटे बंधू यज्ञेश्वर, मुंबईला मोठ्या सरकारी हुद्द्यावर बसलेले. पत्रिकेत त्यांच्या नावाखाली छापलं होतं, ‘विद्यापीठ गाजवणारे गोलवीर’.

ते गोल कोणी मारले होते हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. वकील तेव्हा कॉलेजच्या संघाचे कर्तेधर्ते होते. हिरासिंग काही कॉलेजात नव्हता, म्हणून त्यांनी त्याला धाकट्या भावाच्या नावानं मैदानात उतरवलं. असले प्रकार तेव्हा सर्रास चालत. “नाव कोणाचं का असेना, गोल तर तुझाच ना?” वकील म्हणाले होते, आणि खेळासाठी खुळावलेल्या हिरासिंगला ते पटलंही होतं. त्यानं अंतिम सामना एकट्याच्या पायांवर जिंकून दिला. प्रमाणपत्र यज्ञेश्वरला, पेपरात नाव यज्ञेश्वरचं आणि पुढं खेळाडूंच्या राखीव जागेतली नोकरीही यज्ञेश्वरलाच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. हिरासिंग “माझं काय?” म्हणून विचारायला गेला तेव्हा वकिलांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “अरे, पण तुझं नाव आहे कुठं?”

लोक राग गिळतात. हिरासिंगनं तो गिळला नाही. जपला, पोसला, शिळा होऊ दिला नाही. त्याला नोकरी नको होती आता, माफी तर नकोच होती. ज्या मैदानावर त्याचं नाव पुसलं गेलं त्याच मैदानावर यज्ञेश्वरचं पितळ उघडं पडलेलं त्याला बघायचं होतं.

सकाळी निघताना त्याची बायको बबिता दारात आडवी आली. “त्या माणसाचे गोडवे गायले चालले तुमी? लाज नाही वाटत?”

“गातो ना,” हिरासिंग म्हणाला. “इतके गातो का त्याले पेलवलेच नाही पाहिजे.”

पहिला सामना लागोस विरुद्ध काठमांडू. आदल्या दिवशी ट्रकवाल्यांनी पाहुण्यांना झणझणीत सावजी मटणाचं जेवण घातलं होतं. काठमांडूवाले बेतानं जेवले. लागोसवाल्यांनी मात्र आडवा हात मारला आणि सकाळपासून त्यांचे काही गडी लोटा घेऊन फिरत होते. मैदानात उतरायला एक माणूस कमी पडला. आपल्याकडे रीत अशी की पाहुण्यांचा माणूस कमी पडला तर यजमानांनी आपल्यातला द्यायचा, आणि द्यायचा तो चांगलाच. हिरासिंगला आयतंच फावलं.

“भाईयों और बहनों,” भोंग्यातून आवाज घुमला, “आपला सगळ्यात चांगला माणूस कोणता? ज्यानं याच मैदानावर विद्यापीठाची फायनल एकट्यानं मारली तो. तो आज स्टेजवर बसून राह्यला. पाहुण्यांसाठी येवढं नाही करणार काय पाठक साहेब?”

लोकांना तेवढंच पाहिजे होतं. “पाठक साहेब, पाठक साहेब” असा एकच गजर सुरू झाला. यज्ञेश्वर हसले, हात जोडले, गुडघा दाखवला. हिरासिंगनं तोही उचलला. “पाहा साहेबांची नम्रता. वाघ कधी मी वाघ आहो म्हणते काय?” हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस उतरायचं म्हणतो, पण खाली उभे असलेले उतरू देत नाहीत. शेवटी साहेब उसन्या चड्डीत, उसन्या बुटात, पोट सावरत मैदानात आले.

पुढं जे झालं ते बघून हिरासिंगचा जीव थंडावला. चेंडू एकीकडे, साहेब दुसरीकडे. एकदा तर थांबलेल्या चेंडूला लाथ घालायला गेले आणि सपशेल पाठीवर आपटले. लोक आधी गप्प झाले, मग खुसखुसले, मग उघड हसायला लागले. साहेब बाहेर जाण्यासाठी हात वर करत, आणि हिरासिंग लगेच म्हणे, “साहेब हात हलवून तुमाले दाद देऊन राह्यले, टाळ्या वाजवा.” त्याला दया आली नाही. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात लागोसला पेनल्टी मिळाली. त्यांच्या कप्तानानं मोठ्या अदबीनं चेंडू साहेबांच्या पायाशी ठेवला. हिरासिंगनं माईक घट्ट धरला. आता ही पेनल्टी हुकली की यज्ञेश्वरला या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नव्हतं.

साहेबांनी कशीबशी लाथ घातली. चेंडू रांगत निघाला. पण काठमांडूचा गोलकीपर पडला भला माणूस. यजमानांच्या पाहुण्याचा मान राखावा म्हणून त्यानं भलत्याच बाजूला उडी घेतली, आणि चेंडू आरामात जाळ्यात जाऊन बसला.

मैदान दणाणलं. मघाशी हसणारे तेच लोक आता टोप्या उडवायला लागले. साहेबांनी दोन्ही हात वर केले. स्टेजवर वकील उभे राहून टाळ्या पिटत होते. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. ज्या माणसानं आयुष्यात गोल मारला नव्हता, त्याला हिरासिंगनंच आज सगळ्यांसमोर एक खराखुरा गोल मिळवून दिला. एवढी वर्षं जपलेला राग असा वाया चालला होता, आणि लोक भोंग्याकडे बघत होते. गोल कोणाचा, हे तर त्यालाच सांगायचं होतं.

“गोल,” हिरासिंग सावकाश म्हणाला. “लागोस एक, काठमांडू शून्य. आणि गोल मारणारा खेळाडू, हिरासिंग राठोड.”

टाळ्या अडखळल्या. तांड्याची माणसं ज्या कडेला बसली होती तिकडून पहिलं हसू फुटलं, मग जुन्या खेळाडूंमधून, मग सगळीकडून. ज्यांना ठाऊक नव्हतं ते शेजाऱ्याला विचारायला लागले, आणि शेजारी सांगायला लागले. मैदानात साहेबांचे हात हळूहळू खाली आले.

वकील धावतच स्टेजच्या कडेला असलेल्या माईकच्या टेबलापाशी आले. “हिरासिंग, शुद्धीवर आहेस का? चुकीचं नाव घेतलंस. दुरुस्त कर.”

“चुकलं काय साहेब?” हिरासिंग उठून उभा राहिला आणि त्यानं चालू माईक अदबीनं वकिलांच्या हातात दिला. “मंग तुमीच सांगा लोकायले. एकाचा गोल दुसऱ्याच्या नावावर लावू नोये म्हणून.”

जिल्ह्याच्या कोर्टात ज्यांची जीभ कधी अडली नाही ते चारुदत्त पाठक माईक तोंडाशी धरून उभे राहिले. सगळं मैदान ऐकायला थांबलं. भोंग्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. खाली गोलपाशी यज्ञेश्वर भावाकडे टक लावून बघत होते, आणि वकिलांना काही त्या बाजूला मान वळवता येईना. अखेर त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि ते पायऱ्या उतरून फाटकाकडे चालायला लागले.

हिरासिंगनं माईक उचलला, फुंकर मारून पाहिली आणि तेच नाव पुन्हा एकदा, तिन्ही भाषांत, सांगितलं.